किराण्याची वही

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आम्हाला किराण्याची एक जुनी वही सापडली. १९९८ सालची. पहिल्या पानावर आईंच्या अक्षरात 'श्री' आणि त्याखाली महिन्याची यादी. तूरडाळ पाच किलो, पोहे तीन किलो, साखर सहा किलो, शेंगदाणे दोन किलो, साबणाच्या वड्या, आणि अगदी शेवटी 'जीरावण पाव किलो'. इंदूरच्या घरात पोहे आले की जीरावण ओघाने आलेच.

आमचा मुलगा आपल्या शाळेत सातवीत आहे. त्याने वही उलटसुलट पाहिली आणि विचारले, "आजी, सगळं सामान एकदम? मग मध्येच एखादी वस्तू संपली तर?"

आई म्हणाल्या, "संपली तर पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं."

आजी थट्टा करते आहे असे त्याला वाटले. आम्ही दोघे मात्र एकमेकांकडे पाहत राहिलो. थांबणे ही गोष्ट आमच्या घरातून केव्हा गेली, ते आम्हालाही सांगता आले नसते.

त्या वहीवरून एक खेळ सुचला. पुढचा एक महिना घरात जे काही विकत येईल ते मुलाने लिहून ठेवायचे. काय आणले, कोणी मागितले, किती वाजता मागवले, आणि ते त्याच दिवशी लागणारच होते का. हिशेब त्याच्या हाती असल्यामुळे आम्हाला लपवाछपवीची सोय नव्हती.

महिना संपला तेव्हा फोनवरून मागवलेल्या खेपा एकतीस भरल्या. रोजची एक, आणि वर एक. त्यांतल्या एकोणीस रात्री आठनंतरच्या. एकदा नुसती कोथिंबीर आणि दोन लिंबे. एकदा आइस्क्रीम, आणि पोहोचवण्याचे पैसे पडू नयेत म्हणून त्याच्यासोबत नको असलेली बिस्किटे. 'त्याच दिवशी लागणारच होते' या रकान्यात मुलाने फक्त सात खुणा केल्या होत्या. आमच्या शहरात कचरा वेगवेगळा करून द्यावा लागतो, त्यामुळे पुरावा दारातही होता. कोरड्या कचऱ्याची पेटी कागदी पिशव्यांनी आणि खोक्यांनी एक दिवसाआड भरत होती.

आम्ही काही उधळे नाही. दोघेही नोकरी करतो, भाव पाहून घेतो. मग हे झाले कसे?

एक कारण पैसे देण्याच्या रीतीत आहे. आई खर्चाचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवत. दुधाचा डबा, किराण्याचा डबा, सणावाराचा डबा. डबा रिकामा दिसला की हात आपोआप आखडायचा. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी त्यांनी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. ज्यांना क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांची सरासरी बोली रोख देणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. पैसा हातातून जाताना दिसला नाही की तो कमी टोचतो. आपल्याकडे यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. सोय मोठीच आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण आमच्या घरातला डबा आता पारदर्शकही नाही आणि त्याचा तळही दिसत नाही.

दुसरे कारण विकणाऱ्याच्या युक्त्यांचे. 'फक्त दोनच उरले', 'सवलत संपायला दहा मिनिटे', न मागता टोपलीत पडलेली वस्तू, शेवटच्या पायरीला वाढलेली रक्कम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. ती यादी मुलासोबत वाचली. त्यातले निदान चार प्रकार त्याने चटकन ओळखले. आम्हाला दोन.

पण तिसरे कारण आम्हाला सर्वांत खरे वाटते, आणि ते सांगताना थोडे ओशाळायला होते. फोनवर मागवताना आपल्याला कोणी पाहत नसते. कोपऱ्यावरच्या दुकानात आठवड्यात तिसऱ्यांदा चॉकलेटचा मोठा पुडा मागितला असता तर शेठजी काही बोलले नसते, पण त्यांनी पाहिले असते. फोन तसे पाहत नाही. म्हणून तिथे आपण जसे आहोत तसे वागतो.

न पाहिले जाण्यात सगळे वाईटच आहे असेही नाही. सून म्हणून नवी नवी या घरात आले तेव्हा, असे आमच्यापैकी एकीचे म्हणणे, दुकानात चार पुरुष उभे असताना सॅनिटरी नॅपकिन मागणे म्हणजे शिक्षा होती. ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून मिळायचे. आज ते संकोचाशिवाय दारात येते. उधारीच्या वहीतही सगळे गोड नव्हते. शेठजी सांगतील तो भाव आणि देतील ती डाळ. उधारी असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

तरीही त्या वहीचे एक ऋण आमच्यावर आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि इंदूरमध्ये ती फार कडक होती. काही दिवस किराण्याची दुकानेही बंद होती. कचरागाडीबरोबर येणाऱ्या माणसांकडे यादी द्यायची आणि सामानाची वाट पाहायची, असे ते दिवस. दुकाने उघडली तोवर आमच्यापैकी एकाचा पगार थांबला होता. तो चार महिने थांबला. त्या चार महिन्यांत शेठजींनी सामान पाठवणे एकदाही थांबवले नाही. आम्ही काही म्हणायला गेलो की, "लिख लिया है, हो जाएगा." एवढेच. पुढच्या होळीपर्यंत आम्ही सगळे फेडले.

आणि मग त्यांच्याकडे जाणे हळूहळू बंद केले. भांडण नाही, तक्रार नाही. फोन हाताशी होता, इतकेच. दुकानावरून जाताना आम्ही पलीकडच्या बाजूने चालायला लागलो होतो, हे मुलाने विचारले तेव्हा लक्षात आले. "आपण नेहमी रस्ता का ओलांडतो?"

एका रविवारी ती जुनी वही घेऊन दुकानात गेलो. शेठजींनी चष्मा लावला. प्रत्येक पानाखालची बेरीज पाहून म्हणाले, "ये तो बाबूजी के हाथ का हिसाब है." वडिलांचे अक्षर ते बराच वेळ पाहत होते. हल्ली येणे होत नाही, असे काहीतरी आम्ही पुटपुटलो. त्यावर ते हसले. "अरे, हमारी बहू भी फोन से ही मँगाती है. मैं नीचे दुकान में बैठा हूँ और धनिया ऊपर आ जाता है!"

आम्हीही हसलो. मग त्यांनी विचारले, "माताजी नहीं दिखतीं. घुटना ठीक है?"

आईंच्या गुडघ्याबद्दल आम्ही त्यांना काही सांगितले नव्हते. वर्षापूर्वी पायरी चढताना आई दुकानाच्या खांबाला धरून थांबल्या होत्या, ते त्यांच्या लक्षात होते. फोनलाही आईंचा चहा कोणता ते ठाऊक आहे. त्या महिन्यात तो मागवला नाही तर आठवणही करतो. गुडघ्याचे त्याने कधी विचारले नाही.

त्या दिवशी आम्ही फार मोठे काही ठरवले नाही. महिन्याचे कोरडे सामान पुन्हा शेठजींकडून, यादी करून. औषधे आणि खरोखर अडलेली वस्तू फोनवरून. रात्री काही मागवावेसे वाटले तर ते टोपलीत टाकून ठेवायचे आणि सकाळी पाहायचे. सकाळी त्यातले बरेचसे नकोच असते. पुढच्या महिन्यात खेपा एकतिसाच्या बारा झाल्या. त्यातही दोन-तीनदा आम्ही नियम मोडला आणि मुलाने तो प्रामाणिकपणे लिहून ठेवला.

एक बदल मात्र आम्ही योजला नव्हता. यादी द्यायला आई स्वतः जातात, नातवाचा हात धरून. अर्ध्या तासाचे काम, पण दीड तासाने येतात. आल्यावर कोणाच्या घरी काय चालले आहे ते सांगतात. वर्षभर त्या इतक्या गप्प का होत्या, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता.

पालकमित्रांना एकच सुचवावेसे वाटते. एक महिना घरातल्या खरेदीची वही आपल्या मुलांच्या हाती देऊन पाहा. त्यांना बेरीज-वजाबाकीचा सराव होईल. आपल्याला काय होईल ते वही वाचल्यावर कळेल. आमच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाने आजीला विचारून 'श्री' लिहिले आहे. यादीच्या शेवटी, कोणी न सांगता, जीरावणही.