पाच पासिंग आणि एक बुलेट

आमच्या दारात माझ्या वडिलांची, अण्णांची बुलेट उभी असते. १९८८च्या जूनमध्ये घेतलेली, काळी, साडेतीनशे सीसीची. एमएच १५ येण्याआधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा तिचा नंबर. येणारा-जाणारा थांबतो आणि हटकून विचारतो, "ही अजून पास होते का?"

होते. पण पहिल्या फटक्यात किती वेळा झाली, हे सांगायला मला थोडी लाज वाटते. पाचपैकी फक्त दोनदा.

आधी एक घोळ मिटवतो. पुष्कळांना वाटतं, जुनी मोटारसायकल दर वर्षी आरटीओत न्यावी लागते. तसं रिक्षा-टेम्पोचं असतं. खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन पहिली पंधरा वर्षं चालतं आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. लोक त्याला री-पासिंग म्हणतात. मध्ये दर सहा महिन्यांनी पीयूसी. म्हणजे आमच्या गाडीची मोठी परीक्षा २००३, ०८, १३, १८ आणि २३ साली झाली.

२००३ला अण्णा स्वतः गेले होते. ते ओझरला एचएएलमध्ये होते आणि तिथली शिस्त घरी आणत. आदल्या रविवारी त्यांनी गाडी रॉकेलने पुसली आणि प्रत्येक दिवा लावून पाहिला. हॉर्न वाजवला, दोन्ही ब्रेकच्या केबल आणि रॉड आवळले. एका कागदावर इंजिन नंबर आणि चॅसी नंबर पेन्सिल घासून उतरवून घेतला. सकाळी पेठ रोडच्या आरटीओत गेले आणि जेवायला घरी आले. मी विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "न व्हायला काय झालं?"

ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढची वीस वर्षं त्याचेच पैसे भरले.

२००८ला अण्णांचा गुडघा दुखत होता, म्हणून गाडी मी चालवली आणि ते मागे बसले. जूनची सुरुवात, रात्री पाऊस पडून गेलेला. तपासणीच्या मैदानात चिखल. इन्स्पेक्टर साहेब तरुण होते. कागद पाहिले, नंबर जुळवले आणि म्हणाले, एक चक्कर मारून बघतो.

आता ज्यांनी जुनी बुलेट चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. बाकी गाड्यांच्या बरोबर उलट. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की साहेबांना सांगायचं सुचलंच नाही. ते झोकात निघाले, भिंत जवळ आली, त्यांनी सवयीने उजवा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी दुसऱ्या गिअरात गेली आणि आचका देऊन पुढेच निघाली. झाडाखाली बसलेले अण्णा ओरडले, "साहेब, डावा पाय! डावा!" साहेबांनी पुढचा ब्रेक आवळून भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी उभी केली. कुणाला काही लागलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कुणी गाडीवर बसण्याआधी मी मोठ्याने सांगतो, गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे.

साहेब रागावले नाहीत. पण डावा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, हे त्यांनी आता नीट पाहिलं. तो लागला नाही. गाडी परत.

बाहेर येऊन पाहिलं तर बल्ब ठणठणीत होता. होल्डरची अर्थिंग गंजली होती. पॉलिश पेपरने घासली आणि दिवा लागला. काम दहा मिनिटांचं, पण रांगेतला नंबर गेला होता. गुरुवारी पुन्हा अर्धा दिवस रजा. येताना अण्णा काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

२०१३चं पासिंग मात्र मी स्वतःच्या हाताने बिघडवलं.

२०१२च्या नोव्हेंबरात अण्णा गेले. गाडी माझ्या नावावर करायची होती. मालक मरण पावला तर फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. बहिणीने काही न विचारता सही केली. आई मात्र पेन हातात घेऊन बसली. "नाव कशाला बदलायचं? राहू दे की त्यांचंच." मी तिला कायदा समजावत बसलो. ती सही करत नव्हती ती कायदा कळत नाही म्हणून नव्हे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच उन्हाळ्यात, गाडी नवी करून अण्णांची आठवण जपावी, असं माझ्या डोक्यात आलं. सगळी खोलून फ्रेमला पावडर कोटिंग केलं. मूळचा लांब सायलेन्सर काढून आखूड, फटफट आवाजाचा बसवला. मूळचा भंगारात दिला, वजनावर. मित्र म्हणाले, क्या बात है. मलाही तसंच वाटत होतं.

पासिंगला साहेबांनी वाकून फ्रेमवरचा नंबर शोधला. तो नव्हता. म्हणजे होता, पण कोटिंगच्या जाड थराखाली. बोट फिरवलं तर जेमतेम खळगे लागत होते, पेन्सिलीचा छाप उमटत नव्हता. नंबर दिसत नाही म्हणजे गाडी कुणाची, हाच प्रश्न. वर सायलेन्सर. त्यांनी फक्त गाडी सुरू करायला सांगितली आणि लगेच बंद करायला सांगितली.

बाहेरच्या एका एजंटला मी पैसे दिले होते. तो म्हणाला, कागद मी करतो, पण गाडीत नंबर कुठून आणू? त्याचं बरोबर होतं.

मी घरी येऊन ग्राइंडर शोधू लागलो. नशीब, आधी गाडीच्या मिस्त्रींना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच. नंबरावर ग्राइंडर लावला की आकडे झिजतात, आणि झिजलेला नंबर म्हणजे खाडाखोड केल्याचा संशय. मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसा. त्यांनी पेंट रिमूव्हर लावला, थांबले, पितळी ब्रशने हलके घासलं, पुन्हा लावला. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी खडू चोळल्यावर आकडे पांढरे होऊन वर आले. आता तेवढ्या जागी रंग नाही, फक्त ग्रीस लावतो. तुम्ही कोटिंग करणार असाल तर नंबरावर आधी मास्किंग टेप लावायला सांगा. आणि रंग तोच ठेवा, कारण रंग बदलला तर आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. मी काळाच ठेवला होता. त्या उन्हाळ्यातली ती एकच शहाणपणाची गोष्ट.

मूळ धाटणीचा सायलेन्सर मिळायला तीन आठवडे लागले. भंगारातून जे आलं त्याच्या कितीतरी पट मोजून घेतला. तिसऱ्या फेरीला गाडी पास झाली. आखूड सायलेन्सर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. विकवत नाही आणि लावताही येत नाही.

२०१८ला गाडी पहिल्या फटक्यात पास, पण कागद नापास होता होता राहिले. या वेळी मी अण्णांची पद्धत धरली होती. दहा दिवस आधी मिस्त्रींकडे नेली. दिवे, इंडिकेटर, आरसे, टायर, ब्रेक, मागचा रिफ्लेक्टर, सगळं पाहिलं. मुदतीच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो, म्हणून एप्रिलातच सुरुवात केली. ते कामी आलं. कारण आमचं आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं पुस्तक, आणि संगणकावर नंबर टाकला तर गाडी सापडेना. आधी जुन्या नोंदीवरून बॅकलॉग एन्ट्री करावी लागते. पुस्तकातली शाई उडालेली. इंजिन नंबरातला इंग्रजी 'बी' मी आठ समजून अर्जात आठ लिहिला. खिडकीवरच्या बाईंनी पेन्सिलीच्या छापाशी ताडून पाहिलं आणि अर्ज परत दिला. तशीच एन्ट्री झाली असती तर पुढे विम्यापासून सगळीकडे निस्तरत बसलो असतो. जुनं पुस्तक असेल तर त्यातलं वाचून लिहू नका. गाडीवरचं वाचा.

प्रत्यक्ष तपासणी पाच मिनिटांत झाली. साहेबांनी मागच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साडी गार्ड आहे, वा." हल्ली पोरं तो आधी काढून टाकतात. आमचा राहिला तो आईमुळे. तिने बजावलं होतं, गार्ड काढलास तर मी मागे बसणार नाही.

२०२३ला आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जून कधी गेला कळलं नाही. विम्याचे कागद चाळताना ऑक्टोबरात तारीख दिसली. मुदत संपून चार महिने झाले होते. दुचाकीला उशिराचे महिन्याला ३०० रुपये, म्हणजे १२००. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून १००० झालेली. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा २०००. रजिस्ट्रेशन संपलेली गाडी चालवून नेणं बरोबर नाही, म्हणून ती छोट्या हत्ती टेम्पोत घालून नेली. त्याचं भाडं वेगळं. शेजाऱ्यांना वाटलं, विकली.

त्याआधी पीयूसीत अडकली होती. मार्च २०००पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के आहे. आमची सहाच्या वर. मी समजलो, इंजिन गेलं. बोअरचा खर्च मनात मांडूनही झाला. मिस्त्री हसले. गाडी चार महिने उभी होती, मी थंड इंजिनावर चोक ओढून तपासणी करून घेतली होती. त्यांनी एअर फिल्टर बदलला, पंधरा मिनिटं इंजिन गरम केलं, मिकार्ब कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. पुढचा आकडा तीनच्या आत. इंजिनाला हात लावावा लागला नाही. खरं तर पाचही वेळा लागला नाही.

आणि मग पासिंगला नापास झाली ती हेडलाइटवर. मूळचा पिवळा बल्ब मंद वाटतो म्हणून मी निळसर एलईडी बसवला होता. साहेबांनी समोर उभं राहून डोळ्यांवर हात धरला, तेवढंच. जुना बल्ब बसवून, भिंतीवर झोत खाली आणून दुसऱ्या दिवशी नेली. पास. आता जून २०२८पर्यंत.

एक मित्र म्हणाला होता, कटकट कशाला, व्हिंटेजमध्ये नोंदव. मी चौकशी केली. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात. आमचा नंबर २०३८ला. फी २०,००० रुपये, आणि मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मी हिच्यावरून मार्केट यार्डातून भाजी आणतो. नको.

ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीची फी २००० झाली, तेव्हा पुढच्या वेळी तेवढे धरून ठेवलेत. त्याच वर्षी नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली, ४५० अधिक जीएसटी. अण्णांनी स्वतः रंगवलेली पाटी उतरवताना आई खिडकीत उभी होती. पाटी तिने मागून घेतली. कुठे ठेवली, मी विचारलं नाही.

येत्या मंगळवारी पीयूसी संपते. काल रात्री फरशीवर पेट्रोलचा डाग दिसला. कार्ब्युरेटरचा फ्लोट अडकत असावा. रविवारी मिस्त्रींचं दुकान उघडं असतं का, आधी फोन करून विचारायला हवं.