अण्णाकाका, आधी तानपुरा लावून बघा

पुणे,
रविवार

तीर्थस्वरूप अण्णाकाकांस,


तुमचं पत्र आणि सोबत दुकानातून आणलेला स्पीकरचा तो चकचकीत कागद, दोन्ही मिळालं. कागदावरच्या '१०००० वॅट' या आकड्याखाली तुम्ही लाल पेनाने रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. ते अगदी योग्य जागी आहे. बाकीचा कागद रद्दीत घालायला हरकत नाही.

त्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' छापलंय, बघा. क्षणाच्या एखाद्या तुकड्यात काय निघू शकेल याचा कंपनीने स्वतःच्या सोयीने बांधलेला अंदाज, एवढाच त्याचा अर्थ. तो कसा मोजायचा याचं ठरलेलं माप नाही. खरोखर १०००० वॅट ओढले असते तर तुमच्या वाड्याचा फ्यूज पहिल्या समेलाच उडाला असता. दुकानदाराला एकच विचारायचं, 'आरएमएस किती?' दहा हजारांचे बहुधा वीस-पंचवीस होतील. पण वीस कमी आहेत असं समजू नका. छोटा स्पीकर एका वॅटवर, एक मीटरवरून, साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. आपण घरात बोलतो तो ६०च्या आसपास. शिवाय आवाज दुप्पट वाटायला हवा तर वॅट दुप्पट करून भागत नाही, जवळजवळ दसपट लागतात. त्यामुळे वीस आणि तीस वॅटमधला फरक कानाला जेमतेम कळतो, खिशाला मात्र लगेच.

दुकानदार यूएसबीवर चालणारे छोटे स्पीकरही दाखवेल. भिंतीतल्या प्लगची भानगड नाही, वायर कॉम्प्युटरला खुपसली की सुरू. त्यांच्या खोक्यावर १० वॅट लिहिलं असेल तर बंड्याने तुमच्याकडे ठेवलेला कॉम्प्युटर आठवा. त्याची जुनी यूएसबी २.० पोर्टं ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतात, म्हणजे अडीच वॅट. उरलेले साडेसात कुठून येतात ते दुकानदारालाच विचारा. या जातीतही चांगली चीज असते. क्रिएटिव्हचे पेबल म्हणून गोल गोटे मिळतात, जेमतेम दोन इंची स्पीकर, पण तोंड ४५ अंशांत वर, ऐकणाऱ्याकडे केलेलं. त्यावर नुसता गळा स्वच्छ ऐकू येतो. डग्गा मात्र ऐकू येतो म्हणण्यापेक्षा वाजत असावा असं वाटतं. काकूंना मालिका बघायला उत्तम. तुमचं त्यावर भागणार नाही.

वॅटवर एवढं लिहिलं ते तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या लेखी प्रश्न वेगळा आहे. तुम्ही ऐकणार काय? ख्याल, नाट्यसंगीत, थोडं सतार-सरोद, सकाळी अभंग. हे सगळं संगीत मधल्या पट्ट्यात राहतं, आणि दुकानात स्पीकर दाखवताना लावतात ते नेमकं तळाचं आणि टोकाचं. दणका आणि चकाकी. त्या दोन्हींमुळे पहिली पाच मिनिटं माणूस भारावतो आणि पंधरा दिवसांत कान किटतात.

तुमची पट्टी काळी एक. म्हणजे मधला सा १३८ हर्ट्झच्या आसपास, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. माणसाचा कान २० ते २०००० हर्ट्झ ऐकतो असं पुस्तकात असतं (वरचे काही हजार तुमच्या वयाला सोडून द्या, राग मानू नका). तीन इंची स्पीकर शंभराच्या खाली गेला की दमायला लागतो. मग खर्ज ऐकूच येणार नाही? येतो. तार छेडली की ६९बरोबर १३८, २०७, २७६ असे पटीतले स्वर उठतात. तळाचा स्वर अर्धामुर्धा आला तरी वरच्यांच्या अंतरावरून मेंदू तो भरून काढतो. रेल्वे फलाटावरच्या टीचभर भोंग्यातूनही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो, तो यामुळेच.

म्हणून माझं म्हणणं असं, की स्पीकर तपासायला तुम्हाला दुसऱ्या कुणाची गरज नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर घोडीवर तारेखालचं सूत सरकवत असतो, तेव्हा तुम्ही डोळे मिटून शेजारी बसलेले मी लहानपणापासून बघतेय. सूत केसभर इकडे झालं की तार मुकी, तिकडे झालं की किरकिरी, आणि मधे एक जागा अशी की गुंजन फुलतं. ती जागा कारागिराच्या आधी तुम्ही मान हलवून सांगता. जवारी म्हणजे वरच्या पटीतल्या स्वरांचाच खेळ, आणि स्पीकरची परीक्षा होते तीही तिथेच. वर्षानुवर्षं शिकूनही काही जणांना असा कान येत नाही. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. आता त्याच तानपुऱ्याला जरा कामाला लावा.

पेन ड्राइव्हवर खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण न्या, ॲपमधला नको. स्पीकरच्या समोर चार फुटांवर बसा आणि बास-ट्रेबलची बटणं मधोमध ठेवायला सांगा. मग स्वयंभू गंधार शोधा. खर्जाच्या तारेची पाचवी पट, म्हणजे ३४५च्या आसपास. हा स्वर कुठल्याही स्वस्त स्पीकरच्या आवाक्यातला आहे. तरी तो सापडत नसेल, तर खोक्याच्या स्वतःच्या गुणगुणण्याखाली दबलेला आहे असं समजा. पातळ प्लास्टिकचं खोकं आतल्या आवाजाने थरथरतं आणि प्रत्येक स्वराला आपला एक स्वर चिकटवतं. बोटाच्या पेराने खोक्यावर टकटक करा. पोकळ वाजलं तर सोडून द्या. एमडीएफच्या लाकडी खोक्याचा आवाज बुजका, आखूड येतो, आपल्याला तो हवा. गंधार सापडला, पण तारा पत्र्यासारख्या झणझणल्या, तर ट्रेबल मुद्दाम चढवलेला आहे. दुकानात तो 'क्लिअर' वाटतो. घरी हिराबाईंची जुनी तबकडी लावलीत की तिची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसेल.

जुन्या तबकड्यांचं एक सांगते, कारण तुमच्या संग्रहात निम्म्या त्याच आहेत. १९२५च्या सुमारास विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गवई भोंग्यात तोंड घालून गायचे, आणि तळाचे व टोकाचे स्वर तबकडीत उतरतच नसत. जे उतरलंच नाही ते पन्नास हजारांचा स्पीकरही परत आणणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ची ध्वनिमुद्रणं आणि १९३०च्या दशकातली ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ लावा, फरक तुम्हालाच कळेल. अशा संग्रहाला जरा मऊ, मध्य भरीव असलेला स्पीकर मानवतो.

आता दुकानदार ज्यासाठी गळ घालतोय तो टू पॉइंट वन. म्हणजे दोन चिमुकले स्पीकर आणि टेबलाखाली एक वूफर. तुम्ही ठरवलेल्या पाच हजारांत हे घेऊ नका. पैसे तीन खोक्यांत वाटले जातात, आणि सगळ्यात मोठा वाटा तुम्हाला सगळ्यात कमी लागणाऱ्या खोक्याला जातो. खात्री करायची तर तबल्याचा एखादा विलंबित ठेका लावा, जिथे वादक डग्ग्यावर मनगट घासून मींड काढतो. स्वर खालून वर सरकत गेला पाहिजे. स्वस्त वूफरवर तो सरकत नाही, दर वेळी त्याच एका सुरात 'धुम्म' होतं, वरातीतल्या ढोलासारखं. त्यातच त्या चिमुकल्या दोघांना दोनशेच्या खालचं झेपत नाही, म्हणजे पुरुषाचा गळा कमरेत तुटतो. खालचा अर्धा टेबलाखालून, वरचा अर्धा टेबलावरून.

तेव्हा दोनच खोकी, प्रत्येकात निदान तीन, जमलं तर चार इंचांचा स्पीकर आणि वर छोटा वेगळा ट्वीटर, एका खोक्यात ॲम्प्लिफायर, भिंतीतल्या प्लगवर चालणारी. नमुना म्हणून एडिफायरची आर१२८०टी ही जोडी ऐकून ठेवा. चार इंची स्पीकर, १३ मिलिमीटरचा ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. तुमच्या पाच हजारांत बसत नाही, हे माहीत आहे. पण चांगलं कशाला म्हणायचं ते एकदा कानात बसलं की त्याखालच्या जोड्या पारखणं सोपं जातं. ब्लूटूथ असलं तर असू दे, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तुमचा कॉम्प्युटर टेबलावर आहे, स्पीकर टेबलावर आहेत, दीड मीटर वायर पुरते.

वूफर नको म्हटलं तरी पहाटेचा प्रश्न उरतो. काकू झोपलेल्या असताना तुम्ही आवाज अगदी बारीक करून ऐकता आणि 'गाणं पातळ लागतं' म्हणता. तो स्पीकरचा दोष नाही. आवाज लहान झाला की कानाला खालचे स्वर आधी कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यासाठी बासचं बटण हवं. पहाटे थोडं चढवायचं आणि दिवसा मोठ्याने लावताना आठवणीने परत मधे आणायचं.

मांडणी मात्र फुकट आहे आणि तिच्यावर पाच हजारांतले तीन तरी अवलंबून आहेत. तुमचं टेबल कोपऱ्यात आहे. कोपऱ्यात खालचे स्वर दोन्ही भिंतींवरून उलटून फुगतात आणि अभंगातला पखवाज घरभर लोळतो. टेबल कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्यावर घ्या, स्पीकर भिंतीपासून वीतभर तरी पुढे. दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर, साधारण तितकंच प्रत्येकापासून तुमच्या डोक्यापर्यंत. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. खाली जुनी दोन जाड पुस्तकं सरकवा (विश्वकोशाचे खंड नकोत, ते मला हवे आहेत). शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरलीत तर वरच्या स्वरांची कचकच आणखी कमी होईल.

सगळं जोडून झालं की एखादी जुनी मोनो तबकडी लावा. तिच्यात डावं-उजवं नसतंच, दोन्हींतून तंतोतंत एकच आवाज येतो. त्यामुळे गळा दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध, हवेत उभा राहिला पाहिजे. तो न सापडता खोलीभर पसरला आणि डग्गा गायब झाला, तर मागच्या लाल-काळ्या वायरी एका बाजूला उलट खोचल्या आहेत. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. वायरी अदलाबदल केल्या की झालं. पिन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात लावा, पुढच्या नको. पुढच्यात बऱ्याच वेळा माउस हलवला तरी चर्र होतं.

हे सगळं खर्चाचं झालं. त्याआधी माळ्यावर चढायला कुणाला तरी बोलवा. नव्वदीतला तुमचा म्युझिक सिस्टिम अजून तिथेच असणार. कॅसेटचा भाग बंद पडला म्हणून तो वर गेला, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चालू होते. त्याच्या मागे 'ऑक्स' लिहिलेली लाल-पांढरी भोकं आहेत का बघा. असली तर एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना अशी वायर शे-दीडशे रुपयांत मिळते. शंकू, वेटोळं आणि चुंबक ही स्पीकरची रचना १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मांडली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. त्यामुळे तीस वर्षांचा स्पीकर नुसत्या वयामुळे बाद होत नाही. बाद होते ती शंकूभोवतीची फोमची कड. जाळी काढून ती बोटाने हलकेच दाबा. भुगा हाताला लागला तर कड बदलावी लागेल, आणि ते करणारे कारागीर अजून आहेत. रबराची किंवा कापडाची कड असेल तर बहुधा शाबूत निघेल. पुढची जाळी काढताना खिळ्याने उचकटू नका, दोन्ही हातांनी खालून सरळ ओढा.

ते जमलं नाही तरच सांगलीला जा. जाताना तानपुरा, डग्गा आणि मोनो तबकडी अशी तिन्ही ध्वनिमुद्रणं पेन ड्राइव्हवर घ्या. दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा. जी जोडी किंचित मोठी वाजते ती कुणालाही चांगलीच वाटते, आणि दुकानदारांना हे आपल्या आधीपासून माहीत आहे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीच्या कार्डावर तारीख-शिक्का मारून घ्या. आठ दिवसांत बदलून देणार असतील तर ते बिलावर लिहूनच घ्या, तोंडी नको.

घरी आल्यावर कॉम्प्युटरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'एन्हान्समेंट्स' नावाचं काहीतरी असेल, ते बंद करा. विंडोज आपल्या मनाने बास फुगवत बसतं. ते बदलताना पासवर्ड मागितला तर बंड्याला फोन करा, त्याने वहीत लिहून ठेवलाय म्हणतो. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
शाल्मली