मगरीची नक्षी, धारावीचा हात

मुंबईत सायन स्थानकाच्या पश्चिमेला उतरून वांद्र्याकडे जाणारा रस्ता धरला की थोड्याच वेळात दुतर्फा चामड्याच्या वस्तूंची दुकाने लागतात. काचेआड जाकिटे, पाकिटे, बॅगा आणि पुरुषांचे कमरेचे पट्टे टांगलेले असतात. झोपडपट्टी म्हणून जगभर नाव झालेल्या धारावीचा हा दर्शनी भाग. आम्ही गेलो ते पट्टे पाहायला. जीनवर लावायचा दीड इंची पट्टा नव्हे, तर सुटाच्या किंवा इस्त्रीच्या पँटच्या लुपांतून नीट सरकणारा, सव्वा इंच रुंदीचा, चकचकीत पट्टा. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला, लग्नात नवरदेवाला आपण जो आवर्जून घेतो तो.

दुकानदार आधी साधे काळे आणि तपकिरी पट्टे दाखवतो. मग आतला खण उघडतो. त्यात चौकोनी खवल्यांचा मगरीसारखा, बारीक खवल्यांचा सापासारखा आणि टपोऱ्या ठिपक्यांचा शहामृगासारखा पट्टा असतो. पाहताना डोळे दिपतात. पण वाचक बंधुभगिनींनो, यात मगरही नसते आणि सापही नसतो. असते ते म्हशीचे, नाहीतर बकरीचे कातडे. तापवलेल्या धातूच्या साच्याखाली ते जबर दाबाने दाबले की त्यावर खवले उमटतात.

हे चांगलेच आहे. आपल्याकडच्या मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. कातड्यासाठी शिकार होऊन ती नाहीशी होऊ लागली होती, म्हणून १९७५ साली मगर संवर्धन प्रकल्प सुरू करावा लागला. सापाच्या कातड्याचा व्यापारही बंद झाला. तेव्हा तामिळनाडूतील साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींची रोजी बुडाली. १९७८ साली त्यांनी सहकारी संस्था काढली आणि सापाचे विष काढून औषधासाठी पुरवू लागले. सापही जगला आणि हातातले कसबही वाया गेले नाही.

अस्सल मगरीचा पट्टा परदेशात मिळतो. अमेरिकेतील लुईझियानातल्या अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरीचे कातडे, दक्षिण आफ्रिकेतील औट्सहूर्न भागातल्या शहामृगाचे कातडे यांना तिकडे मोठा भाव आहे. अशा एका पट्ट्याची किंमत आपल्याकडच्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराहून अधिक असते. खरे-खोटे ओळखायची खूण सोपी आहे. निसर्गात दोन खवले तंतोतंत सारखे नसतात. साच्याची नक्षी मात्र ठरावीक अंतराने पुन्हा तशीच येते. म्हणून नक्षीला अस्सलाचा भाव कोणी सांगितला, तर पट्टा पूर्ण उलगडून पाहावा.

दुकानामागच्या गल्लीत शिरलो की काच संपते आणि हातोडीचा आवाज सुरू होतो. माळ्यावर चढायला लोखंडी शिडी. दहा-बारा फुटांच्या खोलीत चार-पाच जण मांडी घालून बसलेले. कोणी तामिळनाडूचा, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातला मुसलमान, कोणी आपल्याकडचा चर्मकार. पट्टा होतो तो येथे. कातड्याचा पाठीचा भाग कमी ताणतो, म्हणून लांब पट्टी त्यातूनच काढायची. पोटाकडचे कातडे घेतले तर पट्टा वर्षभरात सैल पडतो. रापीने कडा तासून पातळ करायच्या, सोल्युशन लावून अस्तर चिकटवायचे, कडेने शिवण घालायची. मग कडेला रंग देऊन ती घासायची, पुन्हा रंग, पुन्हा घासणे. कडेला बोट फिरवले आणि जोड लागला नाही, तर समजावे की हात बसलेला आहे. शेवटी भोके. ती बहुधा पाच किंवा सात, म्हणजे विषम असतात, कारण माप मधल्या भोकावर धरायचे असते. चौतीस कमरेला छत्तीसचा पट्टा घ्यावा, हा हिशेब आम्हाला तेथेच कळला.

या कातड्याशी आपलेही जुने नाते आहे. गावगाड्यात मेलेले ढोर ओढायचे आणि सोलायचे ते महाराने, कातडे बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमवायचे ते ढोराने, आणि शिवायचे चांभाराने. तिघांच्या श्रमावर गाव पायात घालून चालला आणि तिघांनाही त्याने वेशीबाहेर ठेवले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. आपल्या आजा-पणजांनी ते ऐकले, म्हणून आज आपली मुले कचेरीत पट्टा लावून जातात. पण जे शिवणीवर राहिले त्यांच्या कसबाला कमीपणा समजू नये. कमीपणा कामात नव्हता, काम जन्माने लादण्यात होता.

धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होते. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला आणि पुढे बहुतेक कारखाने येथून उठले. कमावलेला माल आता चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येतो. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा अनेक कारागिरांचे काम तुटले. त्यानंतर सुधीर राजभर या कलाकाराने धारावीतील कारागिरांना घेऊन जुन्या रबराच्या बॅगा करायला सुरुवात केली आणि ज्या शब्दाने शिवी दिली जाते तोच पुढे ठेवून ‘चमार स्टुडिओ’ असे नाव दिले.

आता आणखी एक प्रश्न दारात आहे. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२३ साली सरकारने अदानी समूहाकडे सोपवले. टॉवरमध्ये घर मिळेलही. पण हातोडी कोणत्या मजल्यावर चालणार? माळ्यावर भाड्याने बसणारा कारागीर कोणत्या यादीत बसणार? घर आणि धंदा येथे एकाच शिडीवर आहेत. एक उचलून दुसरे टाकले तर माणूस खाली येईल.

आम्ही पट्टा उलटून पाहिला. मागे इंग्रजी ठसा होता: अस्सल चामडे. पुढे मगरीची नक्षी होती. ज्याने तो शिवला त्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, निदान गावाचे नाव तरी कायद्याने बांधले गेले. धारावीच्या पट्ट्याला तेही नाही. जी मगर त्यात नाही तिचे नाव घेऊन तो विकला जातो.

तेव्हा मुलासाठी पट्टा घेताना नक्षीपेक्षा कड पाहा, शिवण पाहा, भोके मोजा. जमले तर थेट कारागिराकडून घ्या, त्याला नाव विचारा आणि घासाघीस करताना त्याच्या दिवसभराच्या मजुरीचा हिशेब मनात धरा.