मॉनिटर

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मॉनिटर म्हणजे बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी मुलगी. (दहावीपर्यंत माझं लोअर मराठी होतं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!) लिनक्समधला मॉनिटर उलटा. तो गप्प झालेल्यांची नावं लिहितो... गप्प झालेल्या हार्ड डिस्कची.

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या सर्व्हरवर दोन डिस्क रेड-वनमध्ये होत्या. म्हणजे प्रत्येक फाइल दोन्हीकडे. रेड हे नाव १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या पेपरमुळे गाजलं. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, आणि गोची इथेच आहे. कुणाला कळतच नाही! सिनेमा चालतो, नोट्स उघडतात, सगळं आलबेल.

नोव्हेंबरात, ऐन सबमिशनच्या तोंडावर, सीनियर ताईने सर्व्हर माझ्याकडे सोपवला. मी आधी /प्रॉक/एमडीस्टॅट उघडलं. तिथे दोन 'यू' दिसायला हवेत. होता एक, आणि शेजारी नुसती रेघ! गेलेल्या डिस्कवरची शेवटची नोंद नवरात्रातली. म्हणजे महिनाभराहून जास्त फायनल इयरच्या बावीस प्रोजेक्टांचे रिपोर्ट एकाच डिस्कच्या भरवशावर. आणि तिची तब्येत? स्मार्टसीटीएल म्हणालं, पेंडिंग सेक्टर ८. आठ ठिकाणचं तिला धड वाचता येत नव्हतं.

सगळ्यांचा सल्ला एकच, नवी डिस्क लाव आणि रिबिल्ड कर. मला पटेना. रिबिल्डमध्ये उरलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, अगदी रिकामी जागासुद्धा. दमलेल्या बैलाला शर्यतीत पळवायचं का? आधी रिपोर्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवले. पहाटे साडेतीनला बावीसच्या बावीस हातात आले. गॅदरिंगचा एक जुना व्हिडिओ मात्र गेला तो गेलाच. मग रेक्टर मॅडमनी दोन नव्या डिस्क मंजूर केल्या आणि रेड नव्याने बांधली.

खरी चीड पुढे आली. एमडीएडीएमची मॉनिटर सर्व्हिस चालूच होती! पण मेलचा पत्ता कुणी बदललेला नव्हता, त्यामुळे पत्रं सर्व्हरवरच्याच रूटच्या पेटीत पडत होती. नवरात्रापासूनची तिथे साचलेली, न वाचलेली.

आता पत्ता बदललाय. जोडीला स्मार्टडी बसवलाय, तो दर अर्ध्या तासाने डिस्कची नाडी बघतो. त्याच्यावरही फार विसंबू नये म्हणा. गूगलने २००७ साली लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात बिघडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी तापमान सोडता स्मार्टची कुठलीच खूण दाखवली नव्हती.

शिवाय परीक्षेच्या दिवसांत मेल कोण बघतंय? म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये प्रोग्रॅमची एक ओळ टाकली. रेड बिघडली की गेटजवळच्या स्पीकरवर भोंगा. रात्री अकराला टेस्टचा ऑप्शन देऊन सर्व्हिस चालवली. दोन मिनिटांत मावशी दारात हजर, हातात टॉर्च.

"अगं ए, तुझं ते यंत्र बोंबलतंय बघ खाली!"