अडलेल्या संगणकाची कैफियत

पितृपक्ष संपल्यापासून नरकचतुर्दशीपर्यंतचा काळ माझ्या संगणकदुरुस्तीच्या व्यवसायात वर्षातला सर्वांत धामधुमीचा असतो आणि त्याचे मुख्य कारण घरोघर निघणारी साफसफाई हे असते. मुंबईत दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत, म्हाडाच्या इमारतींत, संतोषनगरच्या दाटीच्या घरांत आणि जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाच्या आसपास उठलेल्या नव्या मनोऱ्यांत या दिवसांत टेबले हलतात, भिंतींना रंग लागतो, संगणकाच्या पाठीमागे वर्षभर साचलेला तारांचा गुंता सुटतो आणि घाईघाईने परत जोडला जातो. आणि मग दोन-चार दिवसांत कोणाचा तरी निरोप येतो, ‘‘दादा, काल संध्याकाळपर्यंत चांगला चालत होता हो! आज नुसतं कंपनीचं चिन्ह दाखवतो आणि तिथेच हँग होतो.’’

माझ्या धंद्यातील निम्मी विद्या, हे थांबणे नेमके कोणत्या टप्प्यावर घडले ते ओळखण्यात सामावलेली आहे. कळ दाबल्यापासून काम करण्याजोगा पडदा समोर येईपर्यंत जो काही वेळ जातो, तेवढ्यात यंत्राचा अंमल एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे अनेक वेळा सोपवला जातो आणि प्रत्येक जण आपले काम पुरे झाल्यावरच पुढच्याच्या हवाली कारभार करतो. प्रथम वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे आमच्या बोलीतला एसएमपीएस, घरातील २३० व्होल्टांच्या विजेतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टांचे दाब तयार करते, ते स्थिर झाले की मदरबोर्डाला तसा संकेत देते आणि तो संकेत पोहोचेपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही. प्रोसेसर मग स्मृतीतील एका ठरलेल्या पत्त्यावरून आपली पहिली आज्ञा उचलतो. त्या पत्त्यावर बायोस, किंवा अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा घेतलेला यूईएफआय, हा चिपमध्ये कायमचा वस्तीला असलेला प्रोग्राम असतो. तो रॅम, कळफलक, पडदा आणि डिस्क यांची हजेरी घेतो. हजेरी पुरी झाली, की जुन्या पद्धतीत तो डिस्कवरील अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो, त्याच्या अखेरच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे की नाही ते पाहतो आणि खूण पटली तरच पुढचा हुकूम डिस्कवरील प्रोग्रामाला देतो. तेथून विंडोजचा गाभा, मग एकेका भागाचे ड्रायव्हर, मग पाठीमागे चालणाऱ्या सेवा आणि सर्वांत शेवटी तुमचे नाव व तुमच्या मुलांचा फोटो असलेला तो परिचित पडदा, अशी ही परंपरा आहे.

ती एकदा ध्यानात आली, की अडलेले यंत्र स्वतःची कैफियत स्वतःच सांगू लागते. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय रॅमवर, वीजपेटीवर किंवा निखळलेल्या तारेवर घ्यावा. कंपनीच्या चिन्हावर गाडी अडली, तर हजेरीत कोणी तरी उत्तर देत नाही असे समजावे, आणि तो कोणी बहुधा डिस्क असतो किंवा यूएसबीच्या खाचेत राहून गेलेला पेन ड्राइव्ह. ठिपक्यांचे वर्तुळ फिरता फिरता निळा पडदा आला, तर कारभार विंडोजच्या हाती पोहोचला होता आणि ड्रायव्हरपाशी किंवा डिस्क वाचताना घोटाळा झाला. सगळा पडदा आला, चित्रे दिसली आणि मग बाण हलेनासा झाला, तर सुरुवातीलाच धावू लागणाऱ्या प्रोग्रामांकडे पाहावे. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस नांदत असल्याचे अशा वेळी पुष्कळदा आढळते.

या निदानाआधी एक चाचणी प्रत्येकाने करावी, कारण तिला पैसा लागत नाही. यंत्र गोठल्यासारखे वाटले, की कळफलकावरील नम लॉकची कळ दाबावी आणि तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. दिवा हुकूम मानत असेल, तर यंत्र बहुधा जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट पाहत आहे, आणि त्याला दहा-पंधरा मिनिटे दिली पाहिजेत. दिवा ढिम्म राहिला, तर मात्र यंत्र खरोखरच अडले असण्याचा संभव मोठा. त्यानंतर यंत्र बंद करून प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, वेबकॅम हे सारे काढून ठेवावे आणि कळफलक, माउस व पडदा एवढ्यांनिशी पुन्हा सुरू करून पाहावे. दिवाळीच्या साफसफाईनंतरच्या तक्रारींपैकी फार मोठा हिस्सा येथेच निकालात निघतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

पावसाळ्यातले दुखणे वेगळे. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ओलसर आणि खारट असते, आणि दिंडोशीत तिच्या जोडीला डोंगराकडच्या बांधकामांची धूळ येते. रॅमच्या पट्टीच्या कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो; त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल खालच्या धातूपर्यंत पोहोचते, दातांवर मळकट थर चढतो आणि स्पर्श अपुरा पडला की यंत्र हजेरीतच थबकते, कधी नुसते बीप बीप वाजत राहते. लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या, इलेक्ट्रॉनिक्स बाजारातील कारागिरांत रूढ असलेला उपाय आजही उपयोगी पडतो: प्लग पूर्ण काढावा, सुरू करण्याची कळ काही क्षण दाबून ठेवून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवावी, पट्टी काढून दात मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावेत, कोरड्या फडक्याने कीस झटकावा आणि खटका बसेपर्यंत पट्टी खाचेत दाबावी. काचकागद मात्र कदापि वापरू नये. तो मळाबरोबर सोनेही नेतो.

आता ज्या प्रकरणाविषयी मला सर्वाधिक तळमळ वाटते, त्याकडे वळतो. मदरबोर्डावर एक गोल चपटी बॅटरी असते. तिचे नाव सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. यंत्र बंद असताना घड्याळ चालते ठेवणे आणि जुन्या मदरबोर्डांवर बायोसच्या सगळ्या नोंदी जिवंत राखणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती मरते. मग तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि नोंदी कारखान्यातून आल्या तशा होतात. त्या नोंदींत डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे हेही लिहिलेले असते. विंडोज ज्या पद्धतीवर बसवलेली होती तीच बदलल्यामुळे तिच्या गाभ्याला स्वतःची डिस्क सापडत नाही, निळा पडदा येतो, यंत्र पुन्हा सुरू होते, पुन्हा निळा पडदा येतो. डिस्क धडधाकट असते, विंडोज धडधाकट असते, घरातील एकही फाइल बिघडलेली नसते. अशा वेळी घाईचा कारागीर सांगतो, ‘‘काका, विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल,’’ आणि फॉरमॅट झाल्यावर नवी विंडोज बदललेल्या पद्धतीवरच बसत असल्यामुळे यंत्र खरोखर सुरू होते! चुकीच्या निदानाला यशाचा दाखला मिळतो, घरातील माणसे समाधानाने पैसे देतात, आणि तीस-चाळीस रुपयांच्या बॅटरीपायी एका कुटुंबाचे सगळे दप्तर नाहीसे झाले हे कोणाच्याच लक्षात येत नाही. सुरू झाल्याबरोबर बायोसमध्ये संगणकाची तारीख पाहणे, एवढ्या एका शिरस्त्याने हे अनर्थ टळतात.

वीजपेटीविषयी थोडक्यात सांगतो. सकाळी पहिल्यांदा सुरू होत नाही, चार-पाच वेळा कळ दाबल्यावर होते आणि मग दिवसभर नीट चालते, असे लक्षण दिसले तर कपॅसिटर थकले आहेत असे समजावे. मदरबोर्डावर त्यांची टोपी फुगलेली असल्यास उघड्या डोळ्यांनीही दिसते. पेटी बदलावी, तिची घरगुती दुरुस्ती करू नये. तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ धोकादायक वीज शिल्लक असते.

डिस्कचा मामला याहून नाजूक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज अकस्मात गेली, तेव्हा टाळेबंदीमुळे घरोघरी संगणक चालू होते, आणि लिहिता लिहिता तुटलेल्या फाइलींचे परिणाम पुढे अनेकांना भोगावे लागले. वीज अशी गेली, की पुढच्या आरंभी विंडोज बहुधा डिस्कची तपासणी करू लागते. टक्केवारी एका आकड्यावर दीर्घकाळ उभी राहते, माणसाला वाटते की यंत्र अडले, तो कळ दाबून ते बंद करतो आणि अर्धवट तपासणीचा नवा घाव जुन्या घावावर पडतो. या एका प्रसंगी धीर हाच उपाय आहे. परंतु डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येत असेल, किंवा तिचा दिवा अखंड पेटलेला राहून वाचन पुढे सरकत नसेल, तर तपासणी आणि दुरुस्ती दोन्ही तहकूब ठेवून ती डिस्क प्रथम बाहेर काढावी, दुसऱ्या यंत्राला जोडून तिच्यावरचे सारे उतरवून घ्यावे आणि मगच पुढचा विचार करावा. आजारी डिस्कवर दुरुस्तीचा प्रोग्राम तासन्तास चालवणे म्हणजे तिचे उरलेले आयुष्य तिच्या फाइली वाचवण्याऐवजी दुसऱ्याच कामी लावणे होय.

प्रारंभीच अडण्याचे जगाने पाहिलेले सर्वांत मोठे प्रकरण १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारचे. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर एक छोटी फाइल रवाना केली, तेव्हा आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. त्या फाइलीच्या एका नमुन्यात २१ रकाने गृहीत धरलेले होते, वाचणारा प्रोग्राम मात्र २० च पुरवत होता. एकविसावा शोधताना तो स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला, आणि हा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात, अगदी आरंभीच, ड्रायव्हर म्हणून चढत असल्यामुळे यंत्र प्रत्येक वेळी सुरू होता होता कोसळू लागले. सुमारे सव्वा तासात कंपनीने फाइल मागे घेतली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडली होती. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर कामकाज हातावर आले, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. घरगुती संगणकांना झळ लागली नाही, कारण ते उत्पादन मोठ्या संस्थांसाठीचे. माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे महत्त्व उपायात आहे: कोणीही ८५ लाख यंत्रे फॉरमॅट केली नाहीत. सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरांनिशी, यंत्र सुरू करावयाचे, ती एक फाइल पुसावयाची आणि पुन्हा सुरू करावयाचे, हा मार्ग जगभरच्या कारागिरांनी एकेका यंत्रापुढे बसून चोखाळला.

हाच मार्ग घरीही खुला आहे. विंडोज ८ पासून सेफ मोडसाठीची एफ-८ ही जुनी कळ मुळात बंद ठेवलेली असते; परंतु लागोपाठ दोन-तीन वेळा आरंभ फसला, की यंत्र आपण होऊन दुरुस्तीचा निळा फलक दाखवते. तेथून सेफ मोड मिळतो, शेवटचे अपडेट काढता येते, पूर्वीच्या दिवसाच्या स्थितीत परत जाता येते. त्या शुक्रवारी अनेकांची गाडी मात्र एका दारात अडली: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि ४८ अंकी किल्ली हाताशी नव्हती. अलीकडच्या घरगुती यंत्रांत हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेले असते. ती किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते. यंत्र चालू आहे तोवर ती कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी.

फॉरमॅटविषयी मी इतका आग्रहाने का लिहितो, ते या परिसरामुळे. नागरी निवाऱ्याची वसाहत समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने, दीर्घ लढ्यानंतर उभी राहिली. तिच्यातील आणि आसपासच्या कित्येक सोसायट्यांची इतिवृत्ते, हिशेब आणि पत्रव्यवहार कोणा निवृत्त चिटणिसाच्या घरच्या संगणकातच असतो. दिंडोशीच्या सत्र न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांच्या घरी मराठी अर्जांचे मसुदे असतात. यातील जुना मजकूर पुष्कळदा युनिकोडपूर्व फाँटांत लिहिलेला आहे. फाइलीत खरोखर साठवलेली असतात ती रोमन अक्षरांची स्थाने आणि देवनागरी आकार देतो तो केवळ फाँट. डी ड्राइव्हवरची फाइल वाचली पण सी ड्राइव्हवरचा फाँट फॉरमॅटमध्ये गेला, तर वीस वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येतो, आणि तो फाँट पुरवणारे जुने सॉफ्टवेअर काही वेळा समांतर पोर्टाला लावायच्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याच्या खुंटीशिवाय, चालत नाही, आणि ते पोर्ट नव्या यंत्रांत बहुधा नसतेच. म्हणून अडलेल्या यंत्रातून फाइली काढताना मी विंडोजच्या फोल्डरातील फाँट्सचा सगळा संग्रह आधी उतरवतो, मग टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामाचा डेटा, मग कागदपत्रे, मग फोटो. फाँट हाती असला की त्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारे प्रोग्राम मिळतात. त्यांतून निघालेली प्रत एकदा डोळ्यांखालून घालावी लागते, कारण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, आणि हे वाचन सोसायटीच्या ज्या माणसाने मूळ ठराव लिहिला त्यानेच केलेले बरे.