एक ‘फ्री’, अर्थ अनेक

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला येणाऱ्या काही लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग या बसचे भाडे धरलेले असते. धक्क्यावर उतरलेला उतारू मात्र सोबत्याला सांगतो, ‘‘चल, पुढे बस फ्री आहे.’’ बसमध्ये चढल्यावर तोच विचारतो, ‘‘ही सीट फ्री आहे का?’’ आणि जागा मिळाली की घरी फोन करून कळवतो, ‘‘आता अर्धा तास मी फ्री आहे, बोल.’’ दहा मिनिटांत एकच इंग्रजी विशेषण तीन अर्थांनी वापरले गेले. बस फुकट, आसन रिकामे आणि माणूस मोकळा. तरीही ऐकणाऱ्याचा कोठे गोंधळ झाला नाही, म्हणूनच हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे.

या शब्दाचे कूळ मोठे मनोरम आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ आणि संस्कृत ‘प्रिय’ या शब्दाचे मूळ एकच मानतात. मित्र या अर्थाचा ‘फ्रेंड’ हा शब्दही त्याच घराण्यातला. घरातील जी आपली, जिव्हाळ्याची माणसे, ती दास नव्हेत, बंधनात नव्हेत. त्यावरून ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्र हा अर्थ आला. पैसे न पडता मिळणारे, हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

मराठीने मात्र या छटांना वेगवेगळे शब्द दिले. सरकारी योजना ‘मोफत’ असते. वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना राज्यात २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ‘फुकट’ या शब्दात किंचित उपेक्षा असते, कारण ‘श्रम फुकट गेले’ म्हणजे वाया गेले. ‘मोकळा’ हा ‘मुक्त’च्या कुळातला, तर ‘रिकामा’ म्हणजे ज्याच्यात किंवा ज्याच्याकडे काही नाही असा.

व्यापारात हा भेद जपावा लागतो. ‘एकावर एक फ्री’ ही पाटी रायगडच्या बाजारपेठांतही सर्रास दिसते. या पाटीचा कायदेशीर अर्थ जीएसटीच्या ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केला आहे. दुसरा नग स्वतंत्रपणे मोफत दिलेला नसून एका किमतीत दोन नग विकलेले आहेत, असे ते सांगते. त्यामुळे अशा विक्रीत इनपुट क्रेडिट मिळते; खरोखर मोफत वाटलेल्या नमुन्यांवर ते मिळत नाही. म्हणजे हिशेबाच्या वहीत तो ‘फ्री’ नग फुकट नसतोच. मांडव्याच्या बसचेही तेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर, वस्तू घेऊन जाण्याचा किंवा पोचवण्याचा अटळ खर्च वगळता ग्राहकाला आणखी काही द्यावे लागणार असेल, तर जाहिरातीत ती वस्तू ‘फ्री’ म्हणता येत नाही. दुकानाची पत पाटीवरच्या एका शब्दानेही वाढते किंवा घटते.

शब्दाची जागा बदलली तरी अर्थ उलटतो. ‘चहावर साखर फ्री’ म्हणजे साखर वर मिळणार. ‘शुगर-फ्री’ म्हणजे साखर मुळीच नाही. सुट्टीत समुद्रकाठी उतरलेले जैन कुटुंब उपाहारगृहात ‘लसूण फ्री चटणी’ असे वाचते, तेव्हा ‘लसूणविरहित’ असाच अर्थ गृहीत धरते. फलकावर ‘बिनलसणाची चटणी’ असे लिहिले, तर गृहीत धरण्याची वेळच येणार नाही.

खरी कसोटी मात्र घरात लागते. पेढीची सूत्रे मुलाच्या हाती गेलेली असतात. वडील सकाळी गल्ल्याजवळ थोडा वेळ बसून घरी येतात. दुपारी मुलाचा फोन येतो, ‘‘पप्पा, फ्री आहात का? जरा बँकेत जाऊन याल?’’ मुलाच्या मनात असते, ‘आपल्याला सवड आहे का?’ वडिलांच्या कानावर पडते, ‘आपल्याला दुसरे काम नाहीच ना?’ चाळीस वर्षे दुकान उघडणाऱ्या माणसाला मोकळे म्हटलेले आवडते, रिकामे म्हटलेले लागते. घरच्या सुनेविषयी ‘ती घरीच असते, फ्रीच असते’ असे सहज म्हटले जाते. तिची पहाट, तिचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांची औषधे हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण एका शब्दात दोन अर्थ असले की ऐकणारा आपल्या दुखऱ्या जागेचा अर्थ उचलतो.

‘फ्री’ हा शब्द हद्दपार करण्याचे कारण नाही. तो सोयीचा आहे आणि राहील. परंतु दुकानाची पाटी रंगवताना आणि घरच्या माणसाला काम सांगताना त्याच्या जागी नेमका मराठी शब्द घालून पाहावा. पाटीवर ‘एका किमतीत दोन’ लिहिले तरी ग्राहक येतोच. आणि ‘‘पप्पा, सवड आहे का?’’ असे विचारल्यावर वडील बँकेत तर जातातच, परतताना पासबुकावर नोंदीही करून आणतात.