चार हात जमीन

आमच्या अण्णांची दृष्टी एका दिवसात गेली नाही. काचबिंदूने ती कडेकडेने खात आणली. आधी पंगतीत शेजारी बसलेला माणूस दिसेनासा झाला, पुढे खतावणीतील समासाजवळचे आकडे गेले, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उजेड आणि अंधार एवढाच भेद उरला. सांगलीच्या बाजारात पन्नास वर्षे हळदीची आडत केलेला हा माणूस. हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून ते किती वाळले आहे हे अण्णा आजही सांगतात. त्यामुळे दुकानात त्यांचे काही अडले नाही. अडले ते रस्त्यावर.

सकाळी जिनदर्शन झाल्यावाचून मुखात अन्नपाणी घ्यायचे नाही, हा अण्णांचा तरुणपणापासूनचा नियम. घरापासून बस्ती सुमारे सातशे पावलांवर आहे. दृष्टी गेल्यावरही पांढरी काठी घेऊन ते एकटेच जात. काठीने डावीउजवीकडे जमीन चाचपीत, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आला की वळत. एका सकाळी वाटेत एक मालट्रक उभा होता. त्याचा मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडलेला होता. काठी खालून मोकळी गेली आणि फाळक्याची लोखंडी कड अण्णांच्या कपाळावर बसली. सहा टाके पडले.

त्या दिवसापासून त्यांचे एकट्याने जाणे मी बंद केले. काळजीपोटी केले, असे मी सर्वांना सांगत असे. त्यात माझी सोयही होती, हे आता लिहावयास हरकत नाही. कधी मी, कधी सौ., कधी दिवाणजी त्यांना घेऊन जात असू. त्या वर्षी हळदीच्या ऐन हंगामात सौ. माहेरी गेली होती. दिवाणजी रजेवर होते. सौद्यांच्या गडबडीत मी पहाटेच बाहेर पडलो, आणि घरी आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. अण्णा धोतर-उपरणे नेसून, हातात तांदळाची डबी घेऊन ओसरीवर बसले होते. पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मला पाहून, म्हणजे माझ्या चपलांचा आवाज ऐकून, एवढेच म्हणाले, “आज आवक मोठी होती वाटतं.” त्या वाक्यात राग असता तर मला बरे वाटले असते.

आमचे चिरंजीव त्या वेळी पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आल्यावर त्याने हे सारे ऐकले आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी काठी करायचे ठरविले. चार विद्यार्थ्यांचा गट जमला. प्लॅस्टिकच्या नळीची काठी, तिच्यावर दोन डोळ्यांसारखा दिसणारा एक संवेदक, एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी आणि एक बझर. संवेदक माणसाच्या कानाला ऐकू न येणारा ध्वनी पुढे सोडतो. तो अडथळ्यावर आपटून परत येतो, आणि जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. दोन मीटरवरच्या भिंतीवरून हा ध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोड्याच अधिक काळात परततो. हे मला समजावून सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहून मी साहित्याचा खर्च विचारावयाचे विसरलो. व्यापाऱ्याच्या घरी हे क्वचितच घडते.

पहिली परीक्षा अण्णांनी घेतली, आणि आमच्या घरी माल नापास करण्यात त्यांचा हात कोणी धरलेला नाही. घरातून बस्तीपर्यंत ती काठी जवळजवळ अखंड ओरडत होती. भिंत आली, ओरडली; गाय आली, ओरडली; नमस्कार करावयास थांबलेल्या माणसाच्या अंगावरही ओरडली. परत आल्यावर अण्णा नातवास म्हणाले, “बाळ, हिच्या आवाजात मला मागून येणारी हातगाडी ऐकू येत नाही. आणि बस्तीत ही बोलू लागली तर मला बाहेर काढतील.”

नातू हिरमुसला खरा, पण त्याने ते लिहून घेतले.

पुढे महाविद्यालयात प्रकल्पांचे प्रदर्शन भरले. मीही गेलो होतो. अपघात झाल्यास घरच्यांना संदेश धाडणारे शिरस्त्राण, जमिनीतील ओल मोजून पंप चालू-बंद करणारी पेटी, कचराकुंडी भरल्याची सूचना देणारे यंत्र, आणि अंधांसाठी काठ्या तर एकीला तीन. मुले तळमळीने बोलत होती. आमच्या मुलांच्या काठीस पहिले पारितोषिक मिळाले, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. मी जरा मागे राहून शेजारच्या दालनातील कपाट पाहिले. आधीच्या वर्षांच्या वस्तू त्यात ठेवलेल्या होत्या. त्यांतही दोन काठ्या होत्या. एकीच्या तारा निघालेल्या होत्या. परतीच्या गाडीत मी मुलास विचारले, “पावसात भिजली तर? संवेदक बिघडला तर तो कोण बदलून देणार? किंमत काय ठेवशील?” त्याच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर नसावे याचे मला वाईट वाटले नाही. त्याच्या प्रकल्पाच्या गुणांत यांपैकी एकाही प्रश्नाला जागा नव्हती, याचे वाटले.

याच सुमारास त्याला दिल्लीच्या आय.आय.टी.तील एका काठीचा शोध लागला. तिची हकीकत त्याने मला सांगितली तेव्हा मी खाली बसूनच ऐकली. तीही विद्यार्थ्यांच्याच प्रकल्पातून निघालेली. 2005 च्या सुमारास प्रा. एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली पदवीच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले. त्यांतील रोहन पॉल हे पुढेही त्याच कामात राहिले. दृष्टिहीन माणसांशी बोलल्यावर त्यांना जी अडचण कळली, ती आमच्या अण्णांच्या कपाळावर लिहिलेली होती: पांढरी काठी जमिनीवरचे दाखविते, पण गुडघ्याच्या वर जे पुढे आलेले असते, म्हणजे झाडाची फांदी, उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा मागचा भाग, ते तिला कळत नाही. ‘स्मार्टकेन’ या नावाने ती वस्तू बाजारात आली 2014 साली. मध्ये नऊ वर्षे गेली.

आमच्या धंद्यात नऊ वर्षे गुंतवून ठेवलेल्या मालाला काय म्हणतात ते वाचकांस ठाऊक आहे. पण ती वर्षे कशात गेली हे ऐकल्यावर मला मुलाच्या पारितोषिकाचा अर्थ नव्याने कळला. त्यांनी नवी काठी केलीच नाही. नेहमीच्या घडीच्या पांढऱ्या काठीवर बसविता येईल अशी मूठ केली. म्हणजे यंत्र थांबले तरी काठी ही काठीच राहते. आवाजाऐवजी कंपने ठेवली, कारण अंध माणसाचे कान आधीच कामात असतात. अडथळा जवळ येईल तशी कंपनांची तऱ्हा बदलते. काठी धरण्याची प्रत्येकाची पद्धत निराळी, म्हणून मूठ अनेक प्रकारे धरता येईल अशी घडविली. बाहेर वापरताना तीन मीटरपर्यंतचे कळते, घरात वा गर्दीत पल्ला कमी करता येतो. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन चाचण्या घेतल्या. दिल्लीची सक्षम ही संस्था सोबत होती, निर्मिती चेन्नईच्या फीनिक्स मेडिकल सिस्टिम्सने केली, पैशांचे साहाय्य वेलकम ट्रस्टने दिले. परदेशी उपकरणे कितीतरी महाग असताना ही सुरुवातीस तीन हजार रुपयांच्या आसपास मिळू लागली.

यातील विद्युत्शास्त्र आमच्या मुलांनाही येत होते. न येणारे होते ते बाकीचे: मूठ कोण ओतणार, कोण विकणार, बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार, आणि वापरायला कोण शिकविणार. हा बाकीचा भाग म्हणजे तर आपल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेले ज्ञान. आपण मुलांना अभियांत्रिकीला धाडतो आणि ते दुकानातच ठेवून जा म्हणतो. मीही असेच म्हणालो होतो.

अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांना जयपूरची आठवण झाली. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने 1975 साली श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेले जयपूर फूट समिती विनामूल्य बसवून देते. आमच्या पेढीवरूनही अण्णा दरवर्षी काही रक्कम धाडीत. परंतु ज्याचा पाय गुडघ्याच्या वरून गेला आहे त्याला पाऊल पुरत नाही, गुडघाही लागतो. आणि साध्या बिजागरीचा गुडघा खडबडीत वाटेवर एकाएकी दुमडतो. या प्रश्नावर 2008 पासून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी समितीसोबत काम केले. एका आसावर न फिरता अनेक आसांवर फिरणारा, तेल मुरविलेल्या नायलॉनचा गुडघा त्यांनी रचला. खर्च सुमारे वीस डॉलर. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2009 मधील उत्तम संशोधनांत त्याची गणना केली. अण्णांनी सर्व ऐकून घेतले आणि व्यापाऱ्याचाच प्रश्न केला, “ती मुलं जयपूरलाच का आली?” मग स्वतःच म्हणाले, “गिऱ्हाईक तिथं रांगेत बसलेलं होतं म्हणून.”

दिल्लीची ती काठी आम्ही एका अंधसेवा संस्थेमार्फत मागविली. तिच्यासोबत शिकणेही आले. पहिला पंधरवडा अण्णांनी अंगणातच घालविला. तिसऱ्या आठवड्यात मी ट्रकच्या फाळक्याएवढ्या उंचीवर दोन खुर्च्यांवर फळी आडवी टाकली. अण्णा हळूहळू आले, फळीच्या अलीकडे दोन पावलांवर थांबले, हात पुढे करून ती चाचपली आणि म्हणाले, “ही माझ्या देवघरातली फळी आहे. परत जागेवर ठेव.”

त्यांची एक तक्रार मात्र कोणत्याही यंत्राने मिटणारी नव्हती. दृष्टी गेल्यापासून त्यांना ईर्यासमितीचे शल्य होते. मुनींनी चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे. श्रावकानेही होईल तेवढे पाळावे, असे ते मानीत आले. नातवाने हिशेब करून सांगितले, “आजोबा, घरातल्या वापरासाठी पल्ला कमी केला की ही काठी साधारण सहा फुटांवरचं सांगते. म्हणजे चार हातच झाले.” अण्णा बराच वेळ हसले. मग म्हणाले, “तुझ्या काठीला भिंत दिसते रे, मुंगी दिसत नाही.” यावर नातू जे गप्प बसला, ते अजून त्याच्या मनात घोळत आहे, असे त्याच्या पत्रांवरून वाटते.

तो आता पुण्यात नोकरी करतो. पारितोषिकाची काठी त्याने महाविद्यालयातून मागून आणली. दर रविवारी दूरध्वनीवर आजोबांच्या तक्रारी लिहून घेणे, हा त्याचा क्रम झाला आहे. मीही त्याला सांगून ठेवले आहे की, विचार पक्का झाला तर आमच्या वखारीची मागची खोली आणि तीन वर्षांचा खर्च दुकान सोसेल. चौथ्या वर्षी हिशेब दाखवावा लागेल.

परवा प्रथमच अण्णा एकटे बस्तीस गेले. मी वीस पावले मागे होतो, अनवाणी. गिरणीपाशी ते वळले. पुढे एका पथाऱ्याने बांबूचे टोक रस्त्यात काढले होते, त्याच्या अलीकडे थांबून बाजूने गेले. बस्तीच्या पायरीवर काठी मिटवून त्यांनी ती भिंतीस टेकविली आणि आत शिरले. मी बाहेरच उभा राहिलो. सव्वासातच्या सुमारास ते परत निघाले. घरी आल्यावर दूध घेता घेता म्हणाले, “त्याला सांग, पावसाळ्यात ओल्या हाताने मूठ फिरते. ही सहावी तक्रार. आणि तू उद्यापासून चपला घालत जा. खडे टोचून तू दोनदा हुं केलंस.”